लाल प्रकाश आणि आपला चेहरा



ज्या शाळेच्या बाकावर बसून आपण पाढे म्हटले, त्याच शाळेच्या व्यासपीठावर उभे राहण्याचा प्रसंग आला की बोलणाऱ्याचे वय एकाएकी कमी होते. मघाशी माझा परिचय करून देताना पदव्यांचा उल्लेख झाला, त्याबद्दल मी आभारी आहे. परंतु समोरच्या भिंतीवर बाईंचे छायाचित्र आहे आणि त्याकडे दृष्टी गेली की गृहपाठ अपुरा राहिल्याची भावना अजूनही मनात येते. ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांना आपण सारे केवळ ‘बाई’ म्हणत होतो. आजही मी तसेच म्हणेन.

या व्यासपीठावरून यापूर्वी शिक्षण, साहित्य, समाज अशा भारदस्त विषयांवर विद्वानांनी विचार मांडले आहेत. त्या मालेत ‘चेहऱ्याच्या त्वचेसाठी लाल प्रकाश’ हे पुष्प काहींना उथळ वाटेल. म्हणून विषय का निवडला, हे प्रथम सांगितले पाहिजे. काही महिन्यांपूर्वी शाळेत आरोग्य तपासणीचे शिबिर झाले. प्रश्न लिहून टाकण्यासाठी आम्ही एक डबा ठेवला होता. त्यात दहावीतल्या एका मुलीची चिठ्ठी निघाली. तिच्यावर दोनच वाक्ये होती. पहिले असे, की लाल दिव्यांचा मुखवटा लावल्याने चेहऱ्यावरचे डाग जातात का. दुसरे वाक्य असे, की आई तो हप्त्यांवर घेणार आहे. पहिल्या वाक्याचे उत्तर मी तिथल्या तिथे दोन मिनिटांत देऊ शकलो असतो. दुसऱ्या वाक्याने मात्र मला आजचे व्याख्यान घ्यायला लावले.

आणखी एक कारण आहे, आणि ते जुन्या विद्यार्थ्यांना न सांगताही कळले असेल. बाईंच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते. नव्या पिढीला ‘देवी’ म्हणजे काय हे सांगावे लागते, ही मानवजातीच्या मोठ्या यशाची खूण आहे. बाईंना लहानपणी खानदेशात देवी आल्या. त्यातून त्या वाचल्या, पण गाल, कपाळ आणि नाकाचा शेंडा यांवर खोल खळगे राहिले. पुढे यजमानांना भेलमध्ये नोकरी लागली म्हणून त्या भोपाळला आल्या आणि बाग सेवनियाच्या या भागात, जिथे त्या काळी वस्तीपेक्षा शेते अधिक होती, शिकवू लागल्या. वर्गात पहिल्या दिवशी मुले त्यांच्या चेहऱ्याकडे टक लावून पाहत. आम्ही त्यांना पाठीमागे एक नावही ठेवले होते. ते मी आज उच्चारणार नाही.

आता विषयाकडे वळतो. योगायोग असा की, वैद्यकात लाल प्रकाशाने जो पहिला आधुनिक दावा केला, तो देवीच्या रुग्णांच्या चेहऱ्यासंबंधीच होता.

नील्स फिन्सेन हे डॅनिश वैद्य १८६० मध्ये फेरो बेटांवर जन्मले. उत्तर अटलांटिकमधली ही बेटे धुक्याची आणि अल्प सूर्यप्रकाशाची आहेत. फिन्सेन तरुणपणापासून एका असाध्य व्याधीने खंगत होते आणि उन्हात बसल्यावर आपल्याला बरे वाटते, असा त्यांचा अनुभव होता. यातून प्रकाशाच्या परिणामांचा अभ्यास त्यांनी हाती घेतला. १८९३ मध्ये त्यांनी असे प्रतिपादन केले की, सूर्यप्रकाशातील जांभळे आणि अतिनील किरण देवीच्या फोडांचा दाह वाढवतात. म्हणून रुग्णाला लाल पडदे किंवा लाल काचा लावलेल्या खोलीत ठेवावे, म्हणजे फोड कमी पिकतील आणि व्रण कमी राहतील. छायाचित्रकाराच्या अंधाऱ्या खोलीत लाल दिवा का असतो, हे जुन्या मंडळींना ठाऊक आहे. फिन्सेन यांची कल्पना त्याच जातीची होती. त्यांच्या दृष्टीने लाल प्रकाश हे औषध नव्हतेच. ते पथ्य होते. अपायकारक किरण गाळून जो प्रकाश उरतो तो लाल, एवढाच त्याचा मान. अनेक देशांतील डॉक्टरांनी हा प्रयोग करून पाहिला, पण पुढच्या तपासणीत तो टिकला नाही. देवीच्या व्रणांपासून चेहरे वाचवले ते लशीने. आपल्या देशातील देवीचा अखेरचा रुग्ण १९७५ मध्ये आढळला आणि १९७७ मध्ये भारत देवीमुक्त झाल्याचे प्रमाणित करण्यात आले. ज्यांच्या दंडावर ‘देवी काढल्याची’ गोल खूण आहे, त्यांनी घरी जाऊन ती नातवंडांना अवश्य दाखवावी.

फिन्सेन यांना १९०३ चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे खरे आहे. लाल दिव्यांच्या जाहिराती करणारे त्यांचे नाव मोठ्या आदराने घेतात, आणि येथेच घोटाळा होतो. ते पारितोषिक लाल प्रकाशासाठी नव्हते. चेहऱ्याच्या त्वचेला होणाऱ्या एका क्षयरोगावर त्यांनी शोधलेल्या उपचारासाठी ते होते. ‘ल्युपस व्हल्गॅरिस’ असे त्या रोगाचे नाव. तो नाक, ओठ, गाल हळूहळू कुरतडत जातो. त्या काळी असे रुग्ण समाजापासून तोंड लपवून राहत. फिन्सेन यांनी कार्बन आर्क दिव्याचा प्रखर प्रकाश स्फटिकाच्या भिंगांतून एकवटला, उष्णता शोषून घेण्यासाठी मध्ये पाणी ठेवले, आणि तो प्रकाश त्वचेच्या एका लहानशा भागावर पाडला. परिचारिका ते भिंग रुग्णाच्या गालावर सुमारे तासभर दाबून धरीत, आणि हे महिनोन्महिने चाले. तो प्रकाश वर्णपटाच्या निळ्या-जांभळ्या टोकाचा होता, म्हणजे लालच्या अगदी विरुद्ध बाजूचा. पारितोषिक मिळाले तेव्हा फिन्सेन यांना चालवतही नव्हते. पुढच्याच वर्षी, वयाच्या ४३ व्या वर्षी, ते निवर्तले. या रोगाचे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे मला त्याकडे परत यायचे आहे.

मग आजचा लाल दिवा आला कोठून? १९६० मध्ये अमेरिकेत थिओडोर मैमन यांनी माणकाचा, म्हणजे रूबीचा, पहिला लेसर पेटवला. त्याचा प्रकाश गडद लाल होता. हंगेरीतील बुडापेस्टचे शल्यवैद्य एंद्रे मेस्टर हे या लेसरने उंदरांतील गाठी नष्ट होतात का, ते पाहत होते. त्यांचा लेसर त्यासाठी फारच दुबळा निघाला आणि गाठी जशाच्या तशा राहिल्या. परंतु प्रयोगासाठी केस काढलेल्या जागी, जिथे लाल प्रकाश पडला होता, तिथे केस अधिक वेगाने उगवताना दिसले. मेस्टर यांनी १९६७ च्या सुमारास हे निरीक्षण मांडले आणि पुढे न भरणाऱ्या जखमांवर मंद लाल लेसरचे प्रयोग केले. हवी ती गोष्ट साधली नाही, तर जे दिसले ते नोंदवून ठेवायचे, या शास्त्रज्ञाच्या सवयीतून ही शाखा निघाली. तिकडे १९६२ मध्ये निक होलोन्याक यांनी लाल रंगाचा पहिला दृश्य एलईडी दिवा तयार केला होता. पुढे अमेरिकेच्या ‘नासा’ने अंतराळात रोपे वाढवण्यासाठी असे दिवे वापरले आणि १९९० च्या दशकात त्याच दिव्यांनी जखमा लवकर भरतात का, याचेही संशोधन त्यांच्या साहाय्याने झाले. लेसर महाग आणि जपून वापरण्याचा. एलईडी स्वस्त आणि बिनधोक. म्हणून जे रुग्णालयात होते ते ब्यूटी पार्लरमध्ये आले, आणि पार्लरमधून मुखवट्याच्या रूपाने घरात.

हा प्रकाश त्वचेत काय करतो? चेहऱ्यासाठी वापरतात तो लाल प्रकाश साधारणपणे ६३० ते ६६० नॅनोमीटर तरंगलांबीचा असतो. काही यंत्रांत त्याच्या जोडीला ८३० च्या आसपासचा, डोळ्यांना न दिसणारा अवरक्त प्रकाशही असतो. निळ्या प्रकाशापेक्षा लाल प्रकाश त्वचेत खोल जातो, तरी ती खोली काही मिलिमीटरच असते. अंधारात विजेरीवर तळहात ठेवला की बोटे लाल दिसतात, ते याच कारणाने. विद्यार्थ्यांनी जीवशास्त्रात तंतुकणिका अभ्यासली आहे. पेशीला लागणारी ऊर्जा जिथे तयार होते, ती जागा. तिथले एक विकर लाल व अवरक्त प्रकाश शोषून घेते आणि त्यामुळे पेशी थोड्या अधिक जोमाने काम करतात, असा प्रचलित सिद्धांत आहे. त्यावर तज्ज्ञांमध्ये वाद आहेत. परंतु त्वचेला बळकटी देणारे कोलॅजेन तयार करणाऱ्या पेशींवर लाल प्रकाशाचा परिणाम होतो, याला प्रयोगशाळेत आधार आहे.

म्हणजे लाल दिवा निव्वळ थोतांड आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणणे सोपे होते, टाळ्याही मिळाल्या असत्या. २०१४ मध्ये जर्मनीतून प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १३६ जणांचा समावेश होता. त्यांपैकी ११३ जणांना आठवड्यातून दोनदा, अशा ३० वेळा लाल आणि त्याच्या जवळपासचा प्रकाश देण्यात आला. उरलेल्या २३ जणांना काहीच दिले नाही. उपचार झालेल्यांची त्वचा अधिक मऊ झाली, बारीक सुरकुत्या थोड्या कमी दिसल्या. हे आशादायक आहे. पण त्या अभ्यासातील यंत्रे पलंगासारखी मोठी होती, घरचे मुखवटे नव्हेत. आणि आपल्याला उपचार मिळतो आहे हे त्या लोकांना अर्थातच ठाऊक होते. मुरुमांवर निळ्या आणि लाल प्रकाशाचा काही जणांना थोडा उपयोग होतो, असेही दिसले आहे. एवढे पदरात घेऊन पुढे जाऊ.

बाई भूमिती शिकवीत. आमच्या पुस्तकात हिंदीतून ‘दिया है’ आणि ‘सिद्ध करना है’ असे छापलेले असे. बाई मात्र फळ्यावर आपल्या शाळेतल्या सवयीप्रमाणे तीन शब्द मराठीत लिहीत: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष न लिहिता जो थेट सिद्धतेला हात घाली, त्याची वही परत येई. लाल दिव्याबद्दल जे चुकते ते बहुधा पक्ष लिहिण्याआधीच चुकते. चेहऱ्यावर नेमके काय आहे, हेच ठरलेले नसते. मुरुमे आहेत, मुरुमांनंतरचे काळे डाग आहेत, खळगे आहेत, वांग आहे, की बाजारातील मलम लावून भाजलेली त्वचा आहे? घरात आणि दुकानात या सगळ्यांना एकच शब्द वापरतात, ‘डाग’. आणि एकाच दिव्याने ते सारे घालवण्याचे आश्वासन दिले जाते.

यांतल्या वांगाविषयी जरा विस्ताराने सांगतो, कारण आपल्या घरांत ते फार आढळते. येथील लोक त्याला झाई म्हणतात. गालांवर, कपाळावर, वरच्या ओठावर तपकिरी छटा पसरते. ऊन, गर्भारपण, संप्रेरकांतील बदल आणि घराण्यातील कल यांमुळे ते होते. उष्णतेनेही ते वाढू शकते, असे आम्ही मानतो. आता २०१० मध्ये अमेरिकेतील डेट्रॉइट येथे झालेला एक प्रयोग पाहा. अतिनील किरण नसलेला, केवळ डोळ्यांना दिसणारा प्रकाश माणसांच्या त्वचेवर पाडण्यात आला. गोऱ्या त्वचेवर त्याने काळेपणा आला नाही. सावळ्या आणि काळ्या त्वचेवर मात्र आला आणि टिकला. पुढे २०१४ मध्ये फ्रान्समधील संशोधकांनी रंग वेगळे करून पाहिले. ४१५ नॅनोमीटरच्या निळ्या-जांभळ्या प्रकाशाने त्वचा काळवंडली, ६३० च्या लाल प्रकाशाने काळवंडली नाही.

या दोन प्रयोगांतून आपल्यासाठी अगदी व्यवहाराची गोष्ट निघते. बाजारात मिळणारे पुष्कळ मुखवटे केवळ लाल नसतात. त्यांना सात रंगांची बटणे असतात. पैसे दिले आहेत, तर सगळे रंग वापरून पाहू, ही आपली गृहिणीची स्वाभाविक काटकसर! वांग असलेल्या सावळ्या स्त्रीने लाल बटण दाबले तर फारसे बिघडणार नाही, आणि फारसे सुधारणारही नाही. तिने ‘मुरुमांसाठी’ असे लिहिलेले निळे बटण रोज दाबले, तर ज्या डागासाठी तिने हप्ते भरले तोच गडद होण्याचा संभव आहे. मुखवट्यासोबतच्या पत्रकात हे बहुधा छापलेले नसते.

लाल प्रकाशाच्या बाबतीतही सावळ्या त्वचेचा हिशेब वेगळा आहे. प्रकाशाला मात्रा असते, हे आपण विसरतो. नवजात बाळाला कावीळ झाली की त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवतात. येथे बसलेल्या कितीतरी मातांनी ती पेटी पाहिली असेल. तिथे डोळ्यांवर पट्टी असते, तास मोजलेले असतात, रक्त तपासून उपचार थांबवतात. कोडावर बावची लावून उन्हात बसण्याचा आपला जुना उपचार घ्या. त्यात वेळ थोडा चुकला की अंगावर फोड उठतात. लाल दिव्याची मात्राही मोजता येते, आणि ते गणित सातवीतल्या मुलाला जमेल असे आहे. समजा एका मुखवट्याची शक्ती दर चौरस सेंटिमीटरला ३० मिलिवॅट आहे आणि तो १० मिनिटे, म्हणजे ६०० सेकंद लावला. गुणाकार केला की दर चौरस सेंटिमीटरला १८ जूल येतात. २०२० मध्ये अमेरिकेतून प्रसिद्ध झालेल्या दोन चाचण्यांत लाल एलईडी प्रकाशाची सहन होणारी कमाल मात्रा शोधण्यात आली. गोऱ्या लोकांत ती दर चौरस सेंटिमीटरला ४८० जूल आली, सावळ्या-काळ्या वर्णाच्या लोकांत ३२०. आपल्या त्वचेतील मेलॅनिन प्रकाश अधिक शोषते, म्हणून आपली मर्यादा अलीकडे आहे. घरचा मुखवटा या दोन्ही मर्यादांच्या पुष्कळ आत आहे, त्यामुळे घाबरण्याचे कारण नाही. पण अशा प्रयोगांत आपल्यासारख्या वर्णाची माणसे कमी असतात, आणि ‘दहा मिनिटांनी बरे वाटते तर तासभर लावू’ हा विचार येथे उपयोगी नाही. मात्रा वाढवत नेली की लाभ आधी वाढतो, मग उलट घटतो, असेच प्रयोगांत पुन्हा पुन्हा दिसले आहे. आणि विकत घेतलेल्या यंत्राची खरी शक्ती किती, हे खोक्यावर लिहिलेले नसेल तर हा गुणाकार करायचा कशाचा?

डोळ्यांविषयी थोडक्यात. २०१९ मध्ये न्यूट्रोजिनाने आपला निळ्या-लाल प्रकाशाचा मुरुमांसाठीचा मुखवटा बाजारातून परत घेतला. डोळ्यांचे काही विशिष्ट विकार असलेल्या किंवा डोळे प्रकाशाला हळवे करणारी औषधे घेणाऱ्या थोड्या लोकांना अपाय होऊ शकतो, एवढ्या शंकेवरून. ज्यांना दृष्टिपटलाचा विकार आहे, फेफरे येते, किंवा उन्हाने वाढणारा ल्युपससारखा आजार आहे, त्यांनी विचारल्याशिवाय असे दिवे लावू नयेत. मुरुमांसाठी डॉक्सिसायक्लिन घेणाऱ्यांनीही आधी डॉक्टरांना विचारावे.

आता मघाच्या रोगाकडे येतो. काही वर्षांपूर्वी माझ्याकडे एक मध्यमवयीन बाई आल्या. घरकाम करून संसार चालवणाऱ्या. डाव्या गालावर लालसर, किंचित उचललेला चट्टा होता. दुखत नव्हता, खाजत नव्हता, म्हणून दोन वर्षे कोणी लक्ष दिले नाही. मग मुलीच्या लग्नाची बोलणी सुरू झाली आणि चेहरा बरा दिसावा म्हणून त्या एका पार्लरमध्ये गेल्या. तिथे त्यांना आधी एक मलम आणि नंतर लाल दिव्याखाली बसण्याचा ‘कोर्स’ देण्यात आला. सात महिने त्या पदरचे पैसे देऊन दिव्याखाली बसत होत्या. चट्टा नाकाच्या बाजूला सरकत होता. मी त्यावर काचेची पट्टी दाबून पाहिली. रक्ताची लाली हटल्यावर खाली पिवळट-तपकिरी कण दिसले. आमच्या पुस्तकांत त्याला सफरचंदाच्या मुरांब्याची उपमा दिलेली आहे, आणि विद्यार्थिदशेत पाठ केलेली ती उपमा त्या क्षणी माझ्यासमोर उभी राहिली. त्वचेचा लहानसा तुकडा तपासायला पाठवला. ल्युपस व्हल्गॅरिसच निघाला. फिन्सेन यांचा रोग, सव्वाशे वर्षांनी, आपल्या भोपाळमध्ये, लाल दिव्याखाली.

आज या रोगाला कोणताही दिवा लागत नाही. क्षयाच्या गोळ्या सहा महिने नियमाने घेतल्या की तो बरा होतो, आणि त्या गोळ्या सरकार मोफत देते. त्या बाई बऱ्या झाल्या. परंतु नाकपुडीच्या कडेला जो थोडा भाग गेला तो परत आला नाही. सात महिने आधी तो जागेवर होता. पार्लरमधल्या मुलीला मी दोष देत नाही. तिला हा रोग ओळखायला कोणी शिकवलेच नव्हते. दिव्याने त्या बाईंना जाळले नाही, भाजले नाही. त्याने फक्त वेळ खाल्ला. ‘काही अपाय तर नाही ना’ असे जे विचारतात, त्यांना मी हेच सांगतो. चेहऱ्यावरचा चट्टा वाढतो आहे, बधिर झाला आहे, किंवा जखम सहा आठवड्यांत भरत नाही, तर दिव्याखाली बसणे हाच अपाय आहे.

मलमांचा उल्लेख आला म्हणून जाता जाता एक सांगतो. लाल दिव्यासाठी विचारायला येणाऱ्या चेहऱ्यांमागे पुष्कळदा स्टिरॉइड मिसळलेले ‘गोरे करणारे’ मलम असते. चेहरा आधी उजळतो, मग पातळ, लाल आणि केसाळ होतो, मलम थांबवले की आग होते. २०१८ मध्ये केंद्र सरकारने अशा १४ स्टिरॉइड मलमांना चिठ्ठीशिवाय विक्रीची बंदी केली, तरी ती सहज मिळतात. अशा त्वचेला दिवा नको, मलमापासून शिस्तशीर सुटका हवी. एका विचित्र जुळणीकडे मात्र लक्ष वेधावेसे वाटते. ज्या १९७५ मध्ये या देशातून देवीचा शेवटचा रुग्ण गेला, त्याच वर्षी गोरेपणाचे ते सुप्रसिद्ध क्रीम बाजारात आले. २०२० मध्ये त्याच्या नावातून ‘फेअर’ हा शब्द गेला. चेहऱ्यावरचे एक भय गेले आणि दुसरे लगेच विक्रीला आले.

त्या चिठ्ठीचे उत्तर आता देतो. ती मुलगी येथे असेल; कोण ते मी पाहणार नाही. बाळ, मुरुमांनंतरचे काळे डाग लाल दिव्याने जात नाहीत. ते बहुधा काही महिन्यांत आपोआप फिके होतात. नवे मुरूम येऊ न देणे आणि उन्हापासून जपणे, एवढे मात्र सांभाळावे लागते. मुरुमांवर खात्रीची औषधे आहेत, ती स्वस्त आहेत, परिणाम दिसायला आठ ते बारा आठवडे लागतात आणि नखे लावायची नाहीत. शाळेपासून जवळच, साकेत नगरात, २०१२ पासून एम्स आहे. तिथे त्वचारोगाच्या बाह्यरुग्ण विभागात दाखवायला जेवढा खर्च येईल, तो मुखवट्याच्या एका हप्त्याहूनही कमी असेल. खळगे पडले असतील तर त्यांना लेसर किंवा अन्य उपचार लागतात आणि तेही अंशतःच भरतात. तुझ्या आईला मी भेटलो आहे. मुखवट्यावर पैसे का घालता, असे मी जरा कडक आवाजातच विचारले होते. त्या म्हणाल्या, “डॉक्टरसाहेब, पोरगी शाळेत जायला नको म्हणते.” त्यावर मला लगेच काही बोलता आले नाही.

मी नवा नवा डॉक्टर झालो तेव्हा बाईंकडे पेढे घेऊन गेलो होतो. तरुण वयाच्या उत्साहात मी त्यांना म्हटले, “बाई, आता यावर उपाय आहेत. व्रण पुष्कळ सौम्य करता येतात.” आता त्या मला झाडतील, ‘माझ्या चेहऱ्याचे काय घेऊन बसलास’ म्हणतील, अशी माझी अपेक्षा होती. बाईंनी चष्मा काढला, पुसला आणि विचारले, “किती दिवस शाळा बुडेल?” मी म्हटले, आठ-दहा दिवस. “मग मे महिन्यात पाहू,” त्या म्हणाल्या. त्या मे महिन्यात यजमान आजारी पडले, पुढच्या मे महिन्यात आणखी काही निघाले, आणि ते राहूनच गेले.

भिंतीवरच्या या छायाचित्राकडे पुन्हा एकदा पाहा. त्यात व्रण नाहीत. मला पूर्वी वाटे की शाळेने किंवा छायाचित्रकाराने आपल्या मनाने ते पुसले असावेत, आणि मला त्याचा रागही येई. पुढे बाईंच्या कन्येकडून कळले की निवृत्तीच्या वेळी बाई स्वतः स्टुडिओत गेल्या होत्या आणि चेहऱ्यावर हात फिरवून देण्याचे पाच रुपये जास्तीचे त्यांनी स्वतःच दिले होते.